शिट्टी न वाजवणारी गाडी आणि तांबू शेळी

आमच्या कॉलेजच्या प्रदर्शनात सुवर्णाने आणि मी एक भित्तिपत्रक लावलं होतं. 'शेळ्या आणि आगगाड्या : गमतीदार माहिती' असं त्याचं नाव. ज्यांनी ते पाहिलं त्यांना सातव्या माहितीवरची फुली आणि अकराव्या माहितीभोवतीचा लाल चौकोन आठवत असेल. फुली का, चौकोन का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. मला ते तिथे उभ्याउभ्या सांगता आलं नाही. चारचौघांत माझं तोंड पटकन उघडत नाही. म्हणून हे लिहून सांगते आहे. जमलं आहे की नाही, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

मी कुडाळजवळच्या एका खेड्यातली. माझे बाबा रेल्वेत ट्रॅकमन आहेत. रोज सकाळी हातोडा घेऊन ते रूळ चालून तपासतात. सुवर्णा इंदापूर तालुक्यातल्या बावड्याची. पुण्याच्या हॉस्टेलवर आम्ही एका खोलीत राहतो. तिच्या आईच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. आता तिचा एकटा थोरला मामाच कळप घेऊन फिरतो, बाकीचे शेती करतात, नाहीतर कारखान्यावर कामाला जातात. आपापल्या घरातून कॉलेजात आलेल्या आम्ही दोघी पहिल्याच. भित्तिपत्रकाला विषय सुचेना तेव्हा आम्ही आम्हाला जे येत होतं तेच घेतलं. तिला शेळ्या येत होत्या, मला गाड्या. उरलेलं मोबाईलवरून उतरवलं.

सरांनी कागद वाचून एवढंच विचारलं, "यातलं तुम्ही डोळ्यांनी काय काय पाहिलंय?"

सुवर्णा म्हणाली, "शेळी." मी म्हटलं, "आगगाडी."

"मग बघून या," ते म्हणाले.

दिवाळीनंतरच्या सुट्टीत आम्ही निघालो.

दौंड ते बारामती

दौंडला गाडी बदलली की बारामतीचा फाटा सुरू होतो. एकच रूळ आहे, जाणारी गाडी त्याच्यावरून आणि येणारीही त्याच्यावरूनच. आमच्या कोकणातली गाडी सारखी अंधारात शिरते आणि उजेडात येते. बोगदा, पूल, पुन्हा बोगदा. इथे मात्र आडोसा म्हणून कशाचा नाही. केवढं तरी आभाळ, खाली बाजरी काढून मोकळी झालेली रानं, मध्येच कालव्याच्या पाण्यावरचा हिरवागार ऊस. आमच्याकडच्या डब्यात सुक्या मासळीचा वास असतो, इथे पेरूचा होता. समोरचे दोन गृहस्थ उसाच्या कुठल्या जातीला तुरा लवकर येतो यावरून दौंडपासून भांडत होते. मध्ये एकाने दुसऱ्याला पेरू कापून दिला, त्याला तिखटमीठ लावलं आणि दोघे पुन्हा भांडू लागले.

मी वहीत एक माहिती पक्की केली. शेळीला गाडीतून नेता येतं, पण माणसांच्या डब्यातून नाही. तिला सामानासारखं बुक करून गार्डाच्या डब्यात ठेवतात. म्हणजे शेळीला पावती असते पण खिडकी नसते. हे वाक्य सुवर्णाला फार आवडलं.

बारामती जवळ आली तशी ती खिडकीला नाक लावून बसली. "इथंच कुठंतरी मामा असणार. बघ, बघ!"

रूळ तिथे उंच भरावावरून जातो. खाली पांढऱ्या-काळ्या मेंढरांचा एक कळप दिसला, आणि आम्ही पाहत असतानाच फुटला. फुटला हाच शब्द बरोबर आहे. भरावाखालून मेंढरं चारी दिशांना उधळली, निम्मी उसात घुसली. लाल पटक्याचा एक माणूस काठी उंचावून त्यांच्यामागे धावत होता. गाडीतली माणसं हसली. आम्हीही हसलो. ते चित्र मला आता आठवतं तेव्हा बरं वाटत नाही.

तात्यांचा मुक्काम

लाल पटका सुवर्णाच्या मामांचाच होता. त्यांना सगळे तात्या म्हणतात. बारामतीहून रिक्षाने मागे येऊन आम्ही त्यांच्या मुक्कामावर पोचलो तेव्हा तात्या उसाच्या बांधावर बसून एका मेंढीच्या पायाला चिंधी बांधत होते. मामी चुलीशी होत्या.

"कुठल्या गाडीनं आलासा?" मामींनी विचारलं.

"आत्ताच्याच," सुवर्णा म्हणाली.

"मंजी तुमच्याच गाडीनं माजी मेंढरं उसात घातली. या, बसा. भाची म्हनायची का वैरीन?"

तात्या भरावाकडे बघत म्हणाले, "गाडीवाला माजलाय. ध्यान दे, सुवर्णे, मी सांगतु. पयलं हितं फाटक हुतं. गाडी लांब आसली तरी शिट्टी द्यायचा. शिट्टी झाली की आमी थांबायचो. आता फाटक बुजवलं, खालनं बोगदा केला. आन ह्यो बाबा चोरावानी येतुया. शिट्टी न्हाय, काय न्हाय. आमी बोगद्यात, आन ह्यो डोक्यावं!"

प्रकार असा होता. दर वर्षी या दिवसांत तात्यांचा कळप शिर्सुफळकडच्या माळावरून रूळ ओलांडून काटेवाडीला जातो. तिथले बापूराव नावाचे शेतकरी बाजरी निघाली की रानात मेंढरं बसवून घेतात. मेंढरं रात्री शेतात बसली की त्यांच्या लेंडीमुताचं खत होतं, आणि बदल्यात धनगराला धान्य आणि महिनाभर हक्काची जागा मिळते. पण या वर्षी रुळाखालच्या बोगद्यातून कळप काही जाईना. दोन दिवसांत तिसऱ्यांदा फुटला होता. सडकेच्या मोठ्या पुलावरून न्यावा तर उसाच्या ट्रकांची रांग. आणि बापूरावांनी निरोप धाडला होता की उद्या संध्याकाळपर्यंत आला नाहीत तर रान दुसऱ्या कळपाला देतो, मला गहू पेरायचा आहे.

"दुसरा कळप तयारच हाय," मामी म्हणाल्या. "एकदा का रान गेलं की फुडल्या सालीबी त्याचंच."

चहा शेळीच्या दुधाचा होता. मला तो किंचित खारट लागला. दुसऱ्या कपाला आवडला. मग मी वही काढली, कारण गप्प बसण्यावर दुसरा उपाय मला माहीत नाही. कळपात सगळी मेंढरं आणि सहा-सातच शेळ्या का, असं मी विचारलं.

"मेंढरू मोहरं जात न्हाय," तात्या म्हणाले. "त्याला कुनाची तरी शेपटी लागती. शेळी जाती मोहरं. ही आमची म्होरकी, तांबू." तांबूस रंगाची, एका कानाला खाच असलेली शेळी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतली बाहुली आडव्या फटीसारखी होती. ही पाचवी माहिती होती, आणि ती खरी निघाली. वरच्या जबड्यात समोरचे दातच नसतात, ही सहावी. तात्यांनी तांबूचा ओठ वर करून तीही दाखवली.

धीर आला म्हणून मी सातवी वाचून दाखवली. "शेळी काहीही खाते. पत्र्याचा डबासुद्धा."

तात्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग हातातला भाकरीचा तुकडा मुद्दाम मातीत पाडला आणि तांबूपुढे धरला. तांबूने वास घेतला, शिंकली आणि तोंड फिरवलं.

"तुज्या मोबाईलमदली शेळी आमच्याकडं धाड गं," मामी म्हणाल्या. "हिला जरा वळन तरी लागंल. खाली पडल्यालं खात न्हाय, कुनी तोंड लावल्यालं पानी पीत न्हाय. सासू बरी!"

सगळे हसले. मीही हसले आणि सातवीवर फुली मारली. पण त्यानंतर जेवेपर्यंत वही मिटूनच ठेवली. आमच्याकडे पाहुण्याला हसताना आधी त्याच्या ताटात काहीतरी वाढतात. इथे आधी हसतात आणि मग वाढतात. वाढलं मात्र पोटभर. हुलग्याचं माडगं होतं. एक घोट घेतला आणि मला घरची आठवण झाली. ही तर आमची कुळथाची पिठी! आमची नारळाच्या दुधात न्हालेली असते, ही लसूण-मिरचीची झणझणीत. हुलगा आणि कुळीथ एकच, हे माझ्या वहीतल्या कुठल्याही माहितीपेक्षा मला मोठं वाटलं, पण ते भित्तिपत्रकात बसत नव्हतं.

रुळाच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीचं कुंपण सोडून कळप बोगद्यापाशी आणला. बोगदा म्हणजे सिमेंटची चौकोनी पेटी, तळाला घोटाभर पाणी. तात्या भरावाच्या उतारावर कान देऊन बसले.

"काय बघताय तात्या?" सुवर्णाने विचारलं.

"शिट्टी. सगळंच गाडीवालं माजल्यालं नसत्यात, कुनीतरी दील. एकदा शिट्टी झाली, गाडी गेली, मेंढराचं बुजनं गेलं, की घालतो."

मी वर पाहिलं. जुन्या फाटकाचे खांब उखडून टाकलेले दिसत होते. मग रुळाच्या कडेने लांबवर नजर टाकली. आणि जी वस्तू मी शोधत होते ती तिथे नव्हती.

फाटकाच्या आधी बऱ्याच अंतरावर पिवळी पाटी असते. तिच्यावर 'सी/फा' लिहिलेलं असतं, म्हणजे पुढे फाटक आहे, शिट्टी वाजवा. लहानपणी मी बाबांबरोबर चालत जाऊन अशा पाट्या मोजल्या आहेत. फाटक बंद झालं की पाटीही काढतात. मग ड्रायव्हर शिट्टी कशाला देईल? तो माजला नव्हता. त्याला कुणी द्यायलाच सांगितलं नव्हतं. तात्या जिची वाट पाहत होते ती शिट्टी आता कधीच होणार नव्हती.

हे मला कळलं आणि मी बोलले नाही. हे मी प्रामाणिकपणे लिहिते. काल पत्र्याच्या डब्यावरून सगळे मला हसले होते. एवढ्या वयाचा माणूस, पायाखालची त्याची वाट, आणि मी काल आलेली मुलगी. मी वाक्य मनात जुळवत राहिले. ते जुळेपर्यंत तात्या उठले.

"शिट्टी न्हाय, मंजी गाडी लांब हाय. घाला!"

तांबू पुढे झाली. तिच्यामागे मेंढरं चिकटली. दहाबारा आत गेली असतील, आणि डोक्यावर लोखंड धडाडलं. सिमेंटच्या पेटीत तो आवाज कित्येक पटींनी घुमला. कळप उलटा फिरला. मामी पाण्यात आडव्या झाल्या. तात्यांची काठी मोडली. गाडी निघून गेली आणि मागे नुसतं बें-बें उरलं.

त्याच वेळी तात्यांचा फोन वाजला. बापूराव होते. "सांच्यापातुर हाय शबूद तुमाला, तात्या. मग मला बोल लावू नगा." तात्या फक्त "व्हय" म्हणाले आणि मातीत बसले.

माझ्या गप्प बसण्याने हे झालं होतं. मामींच्या लुगड्यावरून चिखल गळत होता. मी पुढे गेले. आवाज नीट आला नाही, पण आला.

"तात्या, शिट्टी होणार नाही."

"का गं?"

मी पाटीचं सांगितलं. मग जे खरं महत्त्वाचं होतं ते सांगितलं. "आणि गाडी गेल्यावर थांबायचं नाही. उलटं करायचं. गाडी गेली रे गेली की लगेच जायचं. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी सोडतात. ही पुढच्या स्टेशनात पोचल्याशिवाय दुसरी येत नाही. तेवढा वेळ बोगदा आपला."

"आन आली तर?"

"येत नाही. येऊ देत नाहीत."

"तुला कुनी सांगिटलं? मोबाईलनं?"

मामी हसल्या नाहीत. मला तेच जास्त कठीण गेलं. मी म्हटलं, "माझे बाबा ट्रॅकमन आहेत. रोज रूळ चालतात."

तात्यांनी मान वर केली. "पायी?"

"पायी. ऊन असो, पाऊस असो."

"मंजी आमच्यावानी चालनारा मानूस हाय," तात्या म्हणाले. "मग ऐकाया पायजे. लाव त्याला फोन."

बाबा नुकतेच कामावरून येऊन जेवायला बसले होते. मी फोन स्पीकरवर ठेवला. "चेडवान बरोबर सांगितल्यान," बाबा आमच्या मालवणीत म्हणाले; चेडू म्हणजे मुलगी. "पण नुसती गाडी गेली म्हणान समजा नको. मागच्या डब्याचो तांबडो दिवो बघूचो. तो दिसलो काय गाडी पुरी गेली. आणि मेंढ्यांका रुळार चढाक देव नको हां, खालसूनच न्या."

तात्यांना त्यातलं निम्मं कळलं असावं. पण त्यांनी हात जोडले, जणू बाबा समोर उभे होते. "पावनं, मेंढरं पार झाली की फोन करतो."

बोगदा

दुपारची गाडी मोबाईलवर उशिरा दाखवत होती. तेवढ्यात मामींनी दुसरी गोष्ट हेरली. सकाळी तांबू आत शिरताना एकदा थबकली होती. तिचं पंधरा दिवसांचं करडू मागे सामान वाहणाऱ्या घोडीच्या पाठीवरच्या टोपलीत होतं आणि ते ओरडलं की तिची मान मागे वळत होती. आई करडाला आवाजावरून ओळखते, ही माझी नववी माहिती होती. मामींना ती वाचावी लागली नव्हती.

"हे धर," त्यांनी करडू माझ्या हातात दिलं. "तू मोहरं चाल. हे वरडंल. ती येईल. तिच्यामागं सारी येतील. पळू नगंस, आन मागं बगू नगंस."

"मी?"

"गाडीचं तूच सांगिटलंस न्हवं? मग तूच चल."

मी बोगद्याच्या तोंडाशी उभी राहिले. करडू माझी ओढणी चघळत होतं. त्याचं काळीज माझ्या तळव्याखाली टकटक करत होतं. तात्या उतारावर हात उंच करून उभे होते. सुवर्णा कळपाच्या मागे.

गाडी आली. न शिट्टी देता आली. पण या वेळी आम्ही सगळे बोगद्याबाहेर होतो, मेंढरं तर लांबच होती, आणि ती येणार हे आम्हाला माहीत होतं. मेंढरं थोडी हलली, फुटली नाहीत. डबे मोजत नव्हते तरी मला ते कधी संपतील असं झालं. शेवटचा डबा गेला.

"लाल दिवा!" सुवर्णा ओरडली.

तात्यांचा हात खाली आला. मी पाण्यात पाय टाकला.

पाणी गार होतं. तिसऱ्या पावलाला माझी चप्पल चिखलात राहिली, मी तशीच पुढे गेले. करडू ओरडलं. त्याचा आवाज भिंतींवरून परत आला. मागून काहीच येईना. मागं बगू नगंस. मी चालत राहिले. मग माझ्या पाठीशी चुबुक चुबुक असा आवाज झाला, आणि तांबूचं ओलं नाक माझ्या कोपराला लागलं. तिच्यामागे पाण्याचा लोट यावा तसा खुरांचा आवाज आत शिरला. मेंढरांचा वास, लोकरीची ऊब, तात्यांचं 'हुर्रर्र, हुर्रर्र', सगळं त्या सिमेंटच्या पेटीत भरून गेलं. समोर उजेडाचा चौकोन मोठा होत गेला आणि मी उन्हात आले.

बाजूला होऊन मी करडू खाली ठेवलं. ते थेट आईच्या आचळाला गेलं. मेंढरं येत राहिली, येत राहिली. शेवटी लंगडी मेंढी खांद्यावर घेऊन तात्या आले. मामी बोटांवर मोजत होत्या.

"भरली," त्या म्हणाल्या.

डोक्यावर रूळ शांत होता. तात्यांनी पटका काढला, तोंड पुसलं, आणि मला वाटलं ते काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "चप्पल कुठं हाय तुजी?" आणि परत बोगद्यात शिरून, चिखलात हात घालून माझी चप्पल घेऊन आले.

काटेवाडी

ऊन उतरण्याआधी कळप बापूरावांच्या रानात बसला. बापूराव बांधावर उभे राहून बघत होते. "जमलं म्हना की, तात्या! मी तर दुसऱ्याला फोन लावनार हुतो."

"मग लावा की. त्याला सांगा, तात्या आलाय. संगं ट्रॅकमनची लेक हाय."

रात्री बापूरावांच्या घरून गरम भाकरी आणि दुधी भोपळ्याची भाजी आली. तात्यांनी कबूल केल्याप्रमाणे बाबांना फोन केला. दोघांना एकमेकांचं बोलणं किती कळलं ते सांगता येणार नाही, पण दोघं बराच वेळ बोलले. बहुतेक पायांविषयी. चालून चालून टाचा फुटतात त्यावर कोण काय लावतं. मग तात्यांनी आणखी कितीतरी फोन केले, माळावरच्या इतर कळपांना. प्रत्येकाला तेच सांगत होते. "शिट्टीची वाट बगू नगंस. लाल दिवा गेला की घाल. व्हय, लगीच. आरं ट्रॅकमननं सांगिटलंय!"

बावडा आणि नरसिंहपूर

तिसऱ्या दिवशी एसटीने इंदापूर तालुक्यात शिरलो. बावड्याला सुवर्णाच्या घरी दोन दिवस राहिलो. एका सकाळी नरसिंहपूरला जाऊन आलो. तिथे नीरा येऊन भीमेला मिळते. आमच्याकडच्या नद्या धावत जाऊन समुद्रात पडतात, इथल्या दोघी मात्र काही घाई नसल्यासारख्या भेटतात. देवळाच्या दगडी पायऱ्यांवर बसून आम्ही यादी पुन्हा लिहिली. सुवर्णाने अकरावी माहिती लिहिली आणि लाल पेनाने तिच्याभोवती चौकोन काढला. 'गाडीचा मागचा लाल दिवा दिसला म्हणजे गाडी पूर्ण गेली. दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी असते.' मी विचारलं, "खाली 'पाहिलेली' असं लिहू का?"

"चाललेली, असं लिही," ती म्हणाली.

परत

परतताना बारामतीहून गाडी पकडली. मी मुद्दाम शेवटच्या डब्यात बसले. सुवर्णा डुलक्या घेत होती. तो भराव जवळ आला तसं मी खिडकीच्या गजांना कपाळ लावलं.

खाली एक कळप होता. तात्यांचा नव्हता, तो तर काटेवाडीला होता. हा कुणी दुसराच, पांढऱ्या पटक्याचा माणूस. मेंढरं बोगद्यापासून लांब, गोळा करून उभी केलेली. बोगद्याच्या तोंडाशी एक बाई करडू छातीशी धरून उभी होती, आणि तिच्यामागे एक काळी शेळी. माणसाचा हात उंच होता.

आमच्या गाडीने शिट्टी दिली नाही. एकही मेंढरू हललं नाही. आम्ही त्यांच्या डोक्यावरून गेलो, आणि मी मान वळवून मागे पाहत राहिले. तो माणूस आमच्या डब्याकडे, आमच्या डब्याच्या मागच्या लाल दिव्याकडे बघत होता.

मग त्याचा हात खाली आला.